नाखवा गेला, उधारी कोणाच्या गळ्यात?

बर्फवाला (हर्णै):
बंदराजवळ माझं बर्फ, दोर, जाळ्याचं दुकान. एक नाखवा पंधरा वर्षं उधारीवर माल न्यायचा. हिशेब दसऱ्याला, मग वहीत 'बाकी कबूल' आणि खाली सही. गेल्याच्या गेल्या मार्गशीर्षात तो वारला. बाकी १,८४,३०० रुपये. तेराव्याला मी तोंड उघडलं नाही, वर्षश्राद्धालाही जेवून आलो. परवा मुलाला विचारलं तर म्हणतो, "काका, कर्ज बाबांचं, माझं नव्हे. कायदा बघा." आणि बोट विकायला काढलीय.

माझं म्हणणं, पोरगा अर्धाच कायदा सांगतोय. बापाचं कर्ज मुलाने धर्म म्हणून फेडावं, ही सक्ती २००५ च्या दुरुस्तीने संपली, कबूल. पण त्याच्या खिशातले पैसे मी कुठे मागतोय? बोट बापाची. आधी तिच्यातून देणी भागवा, उरेल ते वाटून घ्या. नोटीस पाठवणार म्हटल्यावर आळीत कुजबुज सुरू झाली, मेल्याच्या टाळूवरचं लोणी खातो म्हणे. तुम्हाला काय वाटतं?

आगरातली:
राग मानू नका, पण मी दुसऱ्या बाजूने हे भोगलंय. आमचे अण्णा गेले तेव्हा दहाव्याच्या आधीच तिघे चिठ्ठ्या घेऊन हजर. आईने दोघांचे दिले. चार महिन्यांनी अण्णांच्या कपाटात, धोतराच्या घडीत, त्यातल्याच एकाची 'पूर्ण मिळाले' अशी पावती सापडली. मेलेला माणूस 'मी दिलेत' म्हणायला उठत नाही हो! सही असेल तर बोला. नुसती तुमच्या हातची वही म्हणजे तुम्हीच फिर्यादी, तुम्हीच साक्षीदार.

कोर्टाच्या पायरीवरचा:
ताईंचं म्हणणं कायद्यालाही मान्य आहे. नुसत्या हिशेबवहीवर कोणावर देणं बसवता येत नाही, सोबत पुरावा लागतो. सही आहे ते उत्तम. पण मुदत सांभाळा. उधार मालाची मुदत तीन वर्षं. त्या तीन वर्षांच्या आत सही झाली असेल तर सहीपासून नवीन तीन. माणूस गेला म्हणून हे घड्याळ थांबत नाही. आळी काय म्हणते याची वाट बघत बसलात तर हातात रद्दी उरेल.

बोट विकली तरी पोरगा सुटत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ बघा. वारसाकडे आलेल्या मालमत्तेचं काय केलं हे त्याला दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः अडकतो. त्यापलीकडे मात्र एक रुपयाही नाही. बोट गहाण असेल तर आधी बँक, हेही धरून चला.

मालवणी माणूस:
आमच्या हयसर मढ्यार पैशे मागूक कोण येणा नाय! गंमत सोडा. पंधरा वर्षं त्याच नाखव्यावर धंदा केलात ना? जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरात दमडी येत नाही तेव्हा पोराने काय खायचं? बोट गेली की उद्या तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. अर्धे सोडा, अर्धे हप्त्याने घ्या.

बर्फवाला (हर्णै):
व्याज एक पैसा लावलेलं नाही. बर्फ वितळला तरी पैसे मला कारखान्याला द्यावेच लागतात, तो काही बंदी बघत नाही. हप्ते मी स्वतःच सुचवले होते, 'बघू' म्हणाला. आगरातल्या ताईंना सांगतो, शेवटची सही दसऱ्याची आहे, पण पेन्सिलीने. ओल्या हाताने केलेली, जरा फिस्कटलीय.

आगरातली:
पेन्सिलीने!

कोर्टाच्या पायरीवरचा:
पेन्सिलीची सहीही सहीच, खोटी म्हणाले तर मात्र सिद्ध करावी लागेल. आधीच्या दसऱ्यांच्या सह्या जुळवायला जपून ठेवा. नोटीस एकट्या मुलाला नको, सगळ्या वारसांना हवी. बायको, मुली, सगळे.

बर्फवाला (हर्णै):
मुलगी गुहागरला दिलीय. बोटीतला तिचा हिस्सा भावाने विचारलासुद्धा नसेल. लहानपणी पाटी घेऊन बर्फाला तीच यायची. तिला पोस्टाने नोटीस धाडायला हात होत नाही. रविवारी स्वतः जातो, वही घेऊन.

आगरातली:
जाताना झेरॉक्स न्या, वही नको.