दहा पिढ्यांपूर्वीची ह्युरॉन आजी सापडली, तर नात ह्युरॉन ठरते का?

शेवंती (धागाकर्ती)

मुलगी माँट्रियलला दिली आहे. जावई तिथलेच, घरात सगळे फ्रेंच बोलणारे. विहीणबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आपल्यात ह्युरॉन रक्त आहे. आता नातीसाठी वंशवृक्ष करायला घेतलाय आणि तिच्या नावापुढे ‘ह्युरॉन-वेंडाट’ लिहावं अशी विहीणबाईंची मनापासून इच्छा आहे. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वेंडाट लोकांची (फ्रेंच त्यांना ह्युरॉन म्हणत) गावं आजच्या ओंटारिओत, जॉर्जियन उपसागराच्या काठी होती. १६३४ ते १६४० दरम्यानच्या साथींनी, विशेषतः शेवटच्या देवीने, निम्म्याच्या आसपास माणसं नेली. १६४९ मध्ये इरोक्वा या दुसऱ्या मूलनिवासी लोकांच्या संघाच्या हल्ल्यांनी उरलेली गावं उठली. काही शे माणसं १६५० मध्ये जेझुइट पाद्र्यांबरोबर क्वेबेकला पोचली. त्यांचे वंशज आज क्वेबेक शहराजवळ वेंडाकेत राहतात, १६९७ पासून त्याच जागी.

विहीणबाईंचा पहिला आधार होता कातरीन पियार. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशवृक्षांत ती ह्युरॉन म्हणून दाखवली आहे. तिच्या मुलीकडून मुलीकडे आलेल्या ओळीतल्या वंशजांच्या मायटोकाँड्रियल (फक्त आईकडून येणाऱ्या) डीएनएमध्ये ‘ए’ गट निघाला, आणि हा गट अमेरिकेतल्या मूलनिवासींतही असतो. तेवढ्यावर तिला ह्युरॉन करून टाकलं. बारकाईने तपासल्यावर शाखा निघाली ए१०. मूलनिवासींची शाखा ए२. शिवाय १६६५ मध्ये माँट्रियलला प्येर शारोंशी लग्न करणारी ही बाई फ्रान्सच्या ला रोशेलची होती, हे कागद सांगतात. १६६३ ते १६७३ मध्ये राजाच्या खर्चाने वसाहतीत पाठवलेल्या सुमारे ८०० मुलींपैकी ती एक.

पण दुसऱ्या फांदीवर कातरीन आनेनोंताक सापडली, आणि ती निःसंशय वेंडाट. जन्म १६४९ च्या सुमाराचा, म्हणजे गावं मोडली त्याच काळातला. वडील निकोला आरेंदांकी, आई जान ओत्रिहांदे. लहानपणी क्वेबेकच्या उर्सुलाइन ननांकडे वाढली, १६६२ मध्ये जाँ द्युराँ या फ्रेंच माणसाशी लग्न झालं. तिच्यापासून विहीणबाईंपर्यंत प्रत्येक पिढीची नोंद आम्हाला मिळाली.

तर या बाईचं नाव वंशवृक्षात मानाने यावं. पण तिच्यामुळे माझी नात वेंडाट होते, हे मी मानत नाही. पूर्वज असणं वेगळं आणि त्या लोकांपैकी असणं वेगळं.

गिरणाकाठ

शेवंतीताई, तुमची चिकाटी मोठी आहे, पण निष्कर्ष मला निष्ठुर वाटतो.

तुमचे सगळे कागद चर्चचे आणि नोटरीचे, म्हणजे वसाहत करणाऱ्यांचे. ग्रेट लेक्सच्या वरच्या मुलखात फर व्यापाऱ्यांनी तिथल्या रीतीने केलेली लग्नं कुठल्याच पाद्र्याने नोंदली नाहीत. बाप्तिस्मा झालेल्या कितीतरी मूलनिवासी बायका नोंदीत नुसत्या ‘मारी’ म्हणून उरल्या, आडनाव नाही, आईबाप नाहीत. अशा वेळी घरात जपलेली गोष्ट हाच पुरावा असतो.

दुसरं, या लोकांना वगळायचं काम सरकारने कायद्यानेच केलं. १८७६ च्या इंडियन ॲक्टप्रमाणे मूलनिवासी बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिची ओळख कागदावरून पुसली जाई. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र तीच कायद्याने ‘इंडियन’. १९८५ पर्यंत हे चाललं. मग आज एखादी आजी म्हणते ‘आम्ही त्यांच्यातले’, तर आपण पुन्हा त्याच रेघेवर बोट ठेवायचं?

शेवंती

१९८५ मध्ये ज्या बायकांना हक्क परत मिळाले त्यांचे भाऊ-बहिणी गावातच होते, आईबापांची थडगी तिथे होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका बाईच्या वंशाला तोच न्याय कसा लावायचा?

खडूफळा

थोडं गणित मांडतो. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पायरीवर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यातली एक आनेनोंताक. सरासरीने तिचा जनुकीय वाटा हजारात एक, आणि प्रत्यक्षात शून्यही असू शकतो. मायटोकाँड्रियल चाचणी या १०२४ पैकी फक्त एकाच बाईबद्दल सांगते, आईच्या आईच्या आईच्या सरळ रेषेतल्या. लाळ पाठवून ‘आम्ही ह्युरॉन का’ विचारणाऱ्यांना हे कुणी समजावत नाही.

कागदाची बाजू मात्र क्वेबेकमध्ये विलक्षण भक्कम आहे. तिथल्या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच येते, त्यामुळे बायकांची ओळ तुटत नाही. माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाने त्या जुन्या नोंदी जोडून ठेवल्या आहेत. तांगेचा सात खंडांचा वंशकोश (१८७१ ते १८९०) वाटाड्या म्हणून वापरा, पण चुका आहेत, मूळ नोंद बघितल्याशिवाय थांबू नका. मारी मानितुआबेविश हे नाव कुणाच्या वृक्षात असेल तर विशेष जपून. १६४४ मध्ये मार्तें प्रेव्होशी लग्न झालेली ही बाई सर्रास ‘ह्युरॉन’ लिहिली जाते. तिच्या बापाचं नाव अल्गोंक्वियन वळणाचं आहे, आणि तो भाषागट ह्युरॉनांपेक्षा वेगळा.

वाटसरू

मी शेवंतीताईंच्याही पुढे जाईन. हा प्रश्न एका घरापुरता नाही.

२००३ मध्ये पाउली खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेटी, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांचे शिकारीचे हक्क मान्य केले. त्यानंतर पूर्व कॅनडात नव्या ‘मेटी’ संघटनांचं पेव फुटलं. डॅरिल लरू या अभ्यासकाने दाखवलंय की यातले कितीतरी दावे सतराव्या शतकातल्या त्याच त्या मोजक्या बायकांवर उभे आहेत, आणि त्यांतल्या काही तर मुळात फ्रेंच होत्या. न्यायालयाने तिथे तीन गोष्टी मागितल्या होत्या: माणूस स्वतःला तसं मानतो, पूर्वजांशी नातं आहे, आणि तो समाज त्याला आपला म्हणतो. लोक पहिल्या दोन सांगतात आणि तिसरी गिळतात.

वेंडाकेच्या लोकांनी आपला हक्क कसा मिळवला ते बघा. स्यूई बंधूंवर झाक-कार्त्ये उद्यानात झाडं तोडल्याचा, मुक्काम करून आग पेटवल्याचा खटला भरला गेला. ते आपल्या रीतिरिवाजासाठी तिथे गेले होते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश सेनापती मरेने १७६० मध्ये वेंडाटांना दिलेला कागद हा करारच आहे असं ठरवलं, तेव्हा ते सुटले. ज्यांनी असं काही सोसलं नाही त्यांनी तेच नाव लावावं हे मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे पडताळणी समित्यांपुढे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खोट्या दाखल्यावर जागा गेली की ती मेळघाटातल्या पोराची जाते.

आणि रक्ताचा हिशोब त्या लोकांचा नव्हताच. वेंडाट आणि इरोक्वा दोघेही युद्धात धरून आणलेल्यांना दत्तक घेत, मेलेल्याचं नाव देत, आणि तो माणूस पुरता त्यांचा होई. १६४९ नंतर हजारो वेंडाट असेच इरोक्वा घरांत सामावले.

गिरणाकाठ

वाटसरू, तुम्ही त्यांची रीत सांगितलीत, मग पूर्ण सांगा. वेंडाटांत कूळ आईकडून येतं. आनेनोंताकने फ्रेंच नवरा केला तरी तिची लेकरं तिच्याच कुळाची. ती ‘बाहेर पडली’ हे कुणाच्या नियमाने? फ्रेंचांच्या!

शिवाय नात हरणं मारायचा परवाना मागत नाहीये. १९९९ मध्ये ओसोसाने या जुन्या वेंडाट गावच्या जागी, जिथे १६३६ चा मृतांचा मोठा विधी झाला होता, संग्रहालयातून परत मिळालेल्या पूर्वजांच्या अस्थी पुन्हा पुरल्या गेल्या. क्वेबेक, ओक्लाहोमा, कॅन्सस, मिशिगन, सगळीकडून वंशज आले होते. साडेतीनशे वर्षांनी विखुरलेले लोक एकमेकांना शोधतात, तिथे आपण दार लावून उभं राहायचं का?

वाटसरू

तिथे आलेले लोक चार समाजांचे होते. एकेकटे वंशवृक्ष घेऊन कुणी आलं नव्हतं. आणि आईचा नियम धरायचा तर पूर्ण धरा. शेवंतीताई, आनेनोंताकपासून विहीणबाईंपर्यंतची ओळ सगळी बायकांची आहे का?

शेवंती

नाही. तिच्या मुलाकडून आली आहे, पुढेही मध्ये पुरुष आहेत. म्हणजे वेंडाट रीतीनेही कूळ तिथेच थांबलं. गिरणाकाठ, तुमच्या मुद्द्याने मी थबकले होते, म्हणून रात्री पुन्हा सगळी पानं काढून बघितली.

ओटावाची_सून

नात कोण ते ठरवायचा हक्क कुणी दिलाय, आपल्याला की विहीणबाईंना? वेंडाकेला स्वतःचं शासन आहे, सभासदत्वाचे नियम आहेत. ‘आम्ही त्यांच्यातले’ या वाक्याला उत्तर तेच देऊ शकतात. वंशवृक्षात आनेनोंताकच्या चौकटीत वेंडाट लिहा, तिच्या आईवडिलांची नावं लिहा. नातीच्या चौकटीत नातीचं नाव पुरे. थोडी मोठी झाली की वेंडाकेला घेऊन जा, पाहुणी म्हणून.

गिरणाकाठ

पाहुणी म्हणून, हे मला अजून टोचतंय. पण चौकटीची सूचना मान्य.

शेवंती

मलाही मान्य. विहीणबाईंना काल फोनवर सांगितलं, त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आईने मरताना सांगितलेली गोष्ट मी खोडायची कशी? खोडायची नाहीच, असं मी म्हटलं. ती गोष्टही वृक्षाच्या मागच्या पानावर लिहू, कुणी सांगितली, कधी सांगितली, सगळं. त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही.

आनेनोंताकचं दुसरं लग्न १६७२ मध्ये झाक कुत्युरिएशी झालं. सतराव्या शतकातलं फ्रेंच हस्ताक्षर वाचता येणारं कुणी इथे असेल तर कृपया व्यनि करा. त्या काळच्या नोंदीतल्या दोन ओळी आम्हाला लागत नाहीयेत.