समुद्रावर एटीव्ही आणि सहा वर्षांची पोरं : कौतुक कसलं करताय?

सातारकरीण
परवा एका बाबांनी फोटो टाकला. नागाव बीच, सहा वर्षांची मुलगी एटीव्हीवर (चार फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी) एकटी, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि खाली ओळ, "मुलांना कापसात गुंडाळून वाढवू नका, पडतील तर शिकतील." त्याखाली बदामांचा पाऊस. मी दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

पडतील तर शिकतील हे सायकलला ठीक आहे. सायकल अंगावर पडली तर गुडघा सोलवटतो, आपण हळद लावतो, विषय संपला. ही गाडी शंभर किलोच्या आसपास, मोठी असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि ती नुसती पडत नाही, पोराच्या अंगावर पालथी होते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा, वय 9, अशाच एका ट्रॅकवर गेला. समुद्रावर नाही, घाटमाथ्यावरच्या एका रिसॉर्टला, कडेने जुने टायर लावलेला ट्रॅक. ट्रेनिंग काय, तर "हा अंगठा दाबला की पळते, हा ब्रेक." वीस सेकंद. दुसऱ्या राउंडला वळणावर तो घाबरला. आता घाबरलेलं पोर काय करतं, हातात जे आहे ते घट्ट आवळतं, आणि या गाडीचा रेझ अंगठ्याखाली असतो, म्हणजे आवळलं की गाडी अजून पळते. टायरवर चढली, उलटली, खाली तो. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळ्या घालाव्या लागल्या आणि पोटरीवर सायलेन्सरचा चटका, त्याचा डाग अजून आहे. तिथले लोक पहिल्यांदा धावत आले ते फॉर्म घेऊन, "स्वतःच्या जबाबदारीवर" लिहिलेला, माझ्या जावेची... सॉरी वहिनीची सही असलेला. (हात थरथरतोय लिहिताना, समजून घ्या.)

तर बाबा, तुमची मुलगी पडली नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याला धाडस म्हणू नका.

बिनधास्त_बाबा
फोटो माझाच. ताई, भाच्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण एका अपघातावरून सगळ्या बापांना बेजबाबदार ठरवू नका. मी शेजारून पळत होतो, गाडी चालण्याच्या वेगाने होती, सपाट वाळू, समोर कोणी नाही. आमच्या वडिलांनी आम्हाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, एम-80 वर पुढे उभं करून बाजारात नेलं. आजची पोरं दिवसभर मोबाईलमधे. तिला दहा मिनिटं वाऱ्यावर सोडली तर एवढं काय आभाळ कोसळलं? शाळेच्या रिक्षात चौदा पोरं कोंबतात त्यावर लिहा की.

हाडवैद्य_नव्हे
मी ऑर्थोमधे काम करतो म्हणून बोलतो. शेजारून पळणारा बाप काही करू शकत नाही, कारण गाडी उलटायला एक सेकंदही लागत नाही आणि धरायला गेलात तर तुम्हीही खाली. बऱ्याच एटीव्हींना मागचा एक्सल एकसंध असतो, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे वळताना चालवणाऱ्याने आपलं अंग आतल्या बाजूला झोकून वजन टाकावं लागतं. पंचवीस किलोचं पोर कसलं वजन टाकणार? त्यात गाडी उंच, चाकांमधलं अंतर कमी, टायर फुग्यासारखे. चार चाकं बघून लोकांना वाटतं पडणारच नाही. तेच फसवं आहे.

आणि हेल्मेट हेल्मेट करताय, ते पाहिजेच, पण हेल्मेट छाती-पोट वाचवत नाही. पोटात हँडल घुसून प्लीहा, यकृत फाटतं, गाडी छातीवर बसली तर श्वास कोंडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं सांगतेय की 16 च्या खाली एटीव्ही चालवायचीही नाही आणि मागे बसायचंही नाही.

मिनेसोटा_मराठी
डॉक्टर, त्याच अमेरिकेत मी 14 वर्षं राहतो. माझा मुलगा 12 चा आहे, एटीव्ही चालवतो, आणि मला अपराधी वाटत नाही. आमच्याकडे त्या वयाच्या मुलांना सार्वजनिक ट्रेलवर चालवायला सर्टिफिकेट लागतं, 18 खाली हेल्मेट सक्तीचं, आणि गाडी वयाप्रमाणे येते. सहा वर्षांपासूनची वेगळी, तिचा वेग ताशी 15 मैलाच्या वर जाऊच शकत नाही. प्रॉब्लेम गाडीचा नाही, कोणीही कुणाला काहीही देतो त्याचा आहे. सरसकट बंदी घातली की पोरं चोरून चालवतात.

हाडवैद्य_नव्हे
हे सगळे नियम असूनही तिकडे दरवर्षी शेकडो माणसं एटीव्हीवर मरतात आणि त्यात पोरं असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. 1987 च्या अखेरीस तिथल्या सरकारला कंपन्यांना कोर्टात खेचावं लागलं तेव्हा कुठे तीन चाकी एटीव्हींची विक्री थांबली. मॅसॅच्युसेट्सने 2010 मधे 14 खालच्यांना मनाईच केली, आठ वर्षांचा एक मुलगा गेल्यावर. म्हणजे तुमच्याच शेजारच्या राज्यांना सर्टिफिकेट पुरेसं वाटलेलं नाही.

मिनेसोटा_मराठी
मॅसॅच्युसेट्स शेजारी नाही हो, हजार मैलावर आहे. पण ठीक आहे, मुद्दा कळला. मोठी गाडी मुलाला द्यायची नाही आणि डबलसीट तर अजिबात नाही, एवढं मी मान्य करतो. त्यापुढे नाही.

मांडवा_धक्का
माझ्या दोन एटीव्ही होत्या, चार सीझन धंदा केला, आता बंद केलाय. सगळे आम्हालाच शिव्या घालतात म्हणून लिहितो. आम्ही पोराच्या मागे बसून राउंड मारायचो, पोराला एकट्याला देत नव्हतो. मग साहेब यायचे, "अरे दादा तू उतर, तू व्हिडिओत येतोयस." शंभर रुपये जास्त देतो म्हणायचे. नाही म्हटलं तर बाजूच्या गाडीवाल्याकडे जायचे. सीझन सगळा मिळून शनिवार-रविवारचा, हप्ता भरायचा असतो, किती दिवस नाही म्हणणार. मान्य आहे, आम्ही द्यायला नको होती. पण मागणारा कोण होता ते पण लिहा.

कायदेबाज
मागणारा आणि देणारा दोघेही अडकतात. समुद्रकिनारा लोकांना खुला आहे, म्हणजे मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागा. 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 199अ वाचा, अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक आणि मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड. पळवाट एकच, "ही गाडी रस्त्यासाठी बनवलेलीच नाही" असा युक्तिवाद, आणि खासगी ट्रॅकवाले तोच करतात. ताईंच्या केसमधे तो फॉर्म मात्र ब्रह्मवाक्य नाही. निष्काळजीपणा दाखवता आला तर सही असूनही ग्राहक आयोगात जाता येतं.

बांधावरून
वाचतोय कधीपासून. शहरातली पोरं सुट्टीत दहा मिनिटं खेळण्यातली गाडी चालवतात त्यावर एवढं रामायण. आमच्याकडे ऊस सुरू झाला की चौदा-पंधराची पोरं दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ट्रॅक्टर नेतात, रात्री, मोठ्याने गाणी लावून, मागे रिफ्लेक्टर नाही. त्यांना कोणी फॉर्म भरून देत नाही. आणि मडगार्डवर दोन-तीन पोरं बसलेली नाहीत असा ट्रॅक्टर पेरणीत दाखवा मला. तुमच्या पोरांची हाडं सोन्याची आणि आमच्यांची काय ऊसाची आहेत का?

सातारकरीण
भाऊ, कोण म्हणालं असं? मी पण गावातलीच आहे. ट्रॅक्टरचा विषय वेगळा आहे.

बांधावरून
वेगळा कसा? डॉक्टरने वर जे लिहिलं, उंच गाडी, उलटली की अंगावर, ते सगळं ट्रॅक्टरचंच आहे. फरक एवढाच की तुम्ही मजेला बसवता आणि आम्ही घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून बसवतो.

बिनधास्त_बाबा
बघा, हेच म्हणतोय मी! गावाकडची पोरं लहानपणापासून यंत्रांवर वाढतात, त्यांना काही होत नाही, आणि शहरात मात्र...

बांधावरून
काही होत नाही? तुम्हाला कोणी सांगितलं काही होत नाही?

माझा चुलत भाऊ, सात वर्षांचा. चुलता ट्रॅक्टरवर, हा मडगार्डवर, मागे मातीत पाती फिरवणारा रोटर चालू. बांध ओलांडताना हिसका बसला आणि हा मागे गेला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, बांधावर पाण्याची कळशी घेऊन उभा. पुढचं लिहीत नाही. चुलत्याने ट्रॅक्टर विकला आणि नंतर आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. आमच्याकडे अशा गोष्टी पेपरात येत नाहीत म्हणून तुम्हाला वाटतं होत नाहीत. माझ्या गावाचं नाव घेऊन तुमच्या फोटोचं समर्थन करू नका, साहेब.

बिनधास्त_बाबा
माफ करा. मला माहीत नव्हतं. मी तसं लिहायला नको होतं.

हाडवैद्य_नव्हे
बांधावरून, तुमचं बरोबर आहे आणि ताईंचं चुकलं, विषय एकच आहे. स्वीडनमधे 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला उलटला तरी माणूस चिरडू नये म्हणून चौकट सक्तीची झाली आणि उलटून मरणं हळूहळू जवळजवळ संपलं. ऑस्ट्रेलियात क्वाड बाईक, म्हणजे याच एटीव्ही, शेतावरच जास्त चालतात, तिथे 2021 पासून कामाच्या नव्या गाड्यांना मागे तसलीच संरक्षक कमान असावी लागते. आपल्याकडे ट्रॅक्टर घेतल्यावर लोक हूड बसवतात, तो उन्हासाठी.

कायदेबाज
पण ती चौकट मडगार्डवरच्या पोराला उपयोगाची नाही. सीटवर, पट्टा लावून बसलेल्यालाच.

बांधावरून
हो. म्हणून पोराला बसवायचंच नाही. मी माझ्या पोराला बसवत नाही, आई रोज भांडते माझ्याशी, "एवढा काय जीव खातोस त्याचा." ती पण त्या दिवशी शेतात होती, तरी.

सातारकरीण
भाऊ, मी विषय वेगळा आहे म्हणाले ते मागे घेते.

मिनेसोटा_मराठी
मूळ मुद्द्यावर यायचं तर, बंदी न घालता निदान चार गोष्टी तरी...

सातारकरीण
नाही हो, चार गोष्टी नकोत. 16 खाली नाही, एवढी एकच हवी. बाकी सगळं "आमच्याकडे नियम पाळतो" म्हणून बोर्डवर लिहिलेलं असतं, त्या रिसॉर्टच्या पण बोर्डवर होतं.

बिनधास्त_बाबा
मी फोटो काढून टाकलाय. दबावाखाली नाही, बायकोने हे सगळं वाचलं आणि रात्री माझ्याशी बोलली नाही. पण मोबाईलपेक्षा मैदान बरं हे माझं मत तेच आहे, आणि 16 म्हणजे अतीच होतं.

मांडवा_धक्का
ताई, एक विचारू का. तुमच्या भाच्याची गाडी लहान मुलांचीच होती ना, 110 सीसीवाली? त्या गाड्यांना रेझजवळ एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की अंगठा कितीही दाबला तरी गाडी पळत नाही. आणि मागे एक दोरी असते, माणसाने ती हातात धरून मागे चालायचं, ओढली की इंजिन बंद. आमच्या इथे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात ती काढून टाकतात, वाळूत अडकते म्हणून आणि मागे पळायला माणूस लागतो म्हणून. मी पण काढलेली. तुमच्या ट्रॅकवर होती का?

सातारकरीण
मला आठवत नव्हतं, म्हणून आत्ता वहिनीला फोन करून त्या दिवशीचे फोटो मागवले. राउंडला निघण्याआधीचा एक आहे, तो मागे वळून हसतोय. सीटच्या खाली मागच्या बाजूला लाल रिंग दिसतेय. दोरी नाहीये.