एचपीव्हीची लस मुलीला देतोय, मग मुलालाही द्यायची का?

जुळ्यांची_आई
नमस्कार मंडळी, माझी जुळी आहेत, एक मुलगा एक मुलगी, आता अकरा पूर्ण होतील. लेकीला एचपीव्हीची लस द्यायचं नक्की झालंय, त्यात काही शंका नाही, पण डॉक्टर जाता जाता म्हणाल्या की दोघांनाही दिलीत तर उत्तम, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं की अगं ती गर्भाशयाच्या कॅन्सरची लस ना, मग मुलाचा काय संबंध? नवरा पण तेच म्हणतोय. मला आतून वाटतंय की दोघांना द्यावी पण का ते धड सांगता येत नाहीये. कुणी आपल्या मुलाला दिली आहे का? खरंच गरज असते की उगाच एक जास्तीचं इंजेक्शन?

अवनी_पी
मी दोन्ही मुलग्यांना दिली. सासूबाईंना असं वाटणं साहजिक आहे कारण सगळीकडे या लशीची ओळख गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस अशीच करून दिली गेली. पण लस कॅन्सरवर नाहीये, एचपीव्ही नावाच्या व्हायरसवर आहे, तो लैंगिक संबंधातून पसरतो आणि बाईपुरुष बघत नाही. २०२३ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता, त्यात १५ वर्षांपुढच्या पुरुषांमध्ये जवळजवळ तिघांत एकाच्या जननेंद्रियांवर एचपीव्हीचा कुठला ना कुठला प्रकार सापडला, आणि पाचात एकाकडे कॅन्सर करू शकणाऱ्यांपैकी एक. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, काहीच कळत पण नाही, पण ज्यांच्यात वर्षानुवर्षं टिकून राहतो त्यांच्यात पुढे घसा, टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग, गुदद्वार, शिश्न इथे कॅन्सर होऊ शकतो. शिवाय गुप्तांगावरचे मस, ते ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे येतात, जिवाला धोका नसतो पण त्रास आणि लाज दोन्ही भरपूर, आणि चार किंवा नऊ प्रकारांवरच्या लशी त्यांनाही अडवतात.

आणि मला सगळ्यात पटलेला मुद्दा हा की बायकांसाठी निदान पॅप स्मिअर आहे, एचपीव्ही टेस्ट आहे, कॅन्सर व्हायच्या आधीच पेशींमधला बदल पकडता येतो. पुरुषांच्या घशासाठी अशी नेहमी करायची कुठलीच तपासणी नाही, गाठ हाताला लागते तेव्हाच कळतं. म्हणजे मुलाच्या बाबतीत आधी काही करायचं तर ते लसच.

दूरचा_प्रवासी
अवनीताई, तुमचं सगळं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण मांडू दे. एका घराचा प्रश्न वेगळा आणि अख्ख्या देशाचा वेगळा. २०२२ साली जगात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ६ लाख ६० हजार नव्या केसेस झाल्या आणि साडेतीन लाख बायका गेल्या. एचपीव्हीमुळे पुरुषांना होणारे सगळे कॅन्सर एकत्र धरले तरी आकडा याच्या जवळपास पण जात नाही, वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आजही आधी ९ ते १४ वयाच्या मुली म्हणते, मुलगे नंतर, तेही परवडत असेल आणि मुलींचा वाटा कमी होणार नसेल तर. २०१९ मध्ये लशीचा तुटवडा होता तेव्हा तर त्यांच्या तज्ज्ञांनी मुलांचं लसीकरण तात्पुरतं थांबवा असंच सुचवलं होतं, आणि मला ते शंभर टक्के योग्य वाटतं. जिथे निम्म्या मुलींना पण लस मिळालेली नाही तिथे मुलांचा कार्यक्रम काढणं म्हणजे ज्यांचा जीव जातोय त्यांना रांगेत मागे ढकलणं.

दुसरं म्हणजे मुलींना भरपूर प्रमाणात दिली की मुलांना आपोआप संरक्षण मिळतं. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये फक्त मुलींना द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तरुण पुरुषांमधले मस पण झपाट्याने कमी झाले, त्यांना लस मिळालेली नसताना.

रेवा
@दूरचा_प्रवासी तेच ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पूर्ण सांगा ना. जे पुरुष पुरुषांशीच संबंध ठेवतात त्यांच्यात ती घट दिसलीच नाही, कारण मुलींच्या लशीची ढाल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि अकरा वर्षांच्या मुलाचं पुढे कुणावर प्रेम बसेल ते आत्ता कुणाला माहीत आहे? म्हणूनच २०१३ पासून ऑस्ट्रेलिया मुलांनाही देते, ब्रिटनने २०१९ मध्ये सुरू केली, अमेरिकेत २०११ पासूनच मुलांसाठी शिफारस आहे.

शिवाय ते आपोआप मिळणारं संरक्षण मुलींचं प्रमाण चांगलं वर असेल तरच, ८० टक्के वगैरे. ते कधी घसरेल सांगता येत नाही. जपानमध्ये २०१३ ला दुष्परिणामांच्या बातम्या आल्या, सरकारने लशीची शिफारस थांबवली, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. पुन्हा शिफारस सुरू व्हायला २०२२ उजाडलं, मधल्या बहुतेक मुली वेळेवर लस न मिळता राहून गेल्या, आणि मुलींच्या भरवशावर असलेले मुलगे पण.

मी हे पोटतिडकीने लिहितेय कारण माझ्या भाऊजींना टॉन्सिलचा कॅन्सर झाला, तंबाखू नाही दारू नाही, मानेत गाठ आली म्हणून दाखवलं तर एचपीव्ही निघाला. रेडिएशनने बरे झाले पण तोंडाला लाळ सुटत नाही, कोरडा घास गिळताना पाणी लागतंच. बायकांचा आजार म्हणून तो शब्दच आमच्या घरात कुणी नीट ऐकला नव्हता.

दूरचा_प्रवासी
रेवा, भाऊजींचं वाचून खरंच वाईट वाटलं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा मुद्दा मान्य. माझा विरोध मुलांना देण्याला नाहीच, मुद्दा फक्त आधी कुणाला या क्रमाचा आहे. स्वतःच्या पैशाने मुलाला देणारे आईवडील कुणाचं हिसकावत नाहीयेत, लशीचा पुरवठा आता पूर्वीपेक्षा बराच बरा आहे. फक्त घरात पैसे एकालाच देण्याइतके असतील तर आधी लेक, यावर मी ठाम आहे.

जुळ्यांची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे, आता सांगायला मुद्दे मिळाले. दोन गोष्टी राहिल्या. एक, इतक्या लहान वयात का, थोडा मोठा झाल्यावर दिली तर? आणि दुष्परिणामांचं खरं काय?

अवनी_पी
लवकर एवढ्यासाठी की लस आधी झालेला संसर्ग घालवत नाही, येणारा अडवते. त्यामुळे संबंध सुरू व्हायच्या कितीतरी आधी दिलेली बरी, आणि या वयात शरीर प्रतिसाद पण जास्त चांगला देतं. स्वीडनच्या मुलींच्या अभ्यासात १७ च्या आधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला, उशिरा घेतलेल्यांमध्ये फायदा बराच कमी. मुलांच्या घशाच्या कॅन्सरचा असा थेट आकडा अजून यायचाय कारण तो कॅन्सर व्हायलाच दशकं लागतात, पण तोंडातला संसर्ग कमी होतो हे दिसलंय.

डोस १५ च्या आत सुरू केली तर दोन, त्यानंतर तीन, असं बरीच वर्षं चालत आलंय. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल म्हटलंय, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त लागतात. तुमच्याकडे काय पाळतात ते डॉक्टरांना विचारा.

दुष्परिणाम म्हणाल तर लशीत जिवंत व्हायरस नसतो, व्हायरसच्या वरच्या कवचासारखं प्रोटीन असतं, त्यामुळे लशीतून संसर्ग होऊच शकत नाही. दंड दुखतो, कधी ताप, डोकेदुखी. या वयातली मुलं सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडू शकतात म्हणून पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा. आधी कुठल्या लशीची किंवा यीस्टची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल तर ते आधीच सांगा.

जुळ्यांची_आई
अ‍ॅलर्जी दोघांनाही नाही. नवऱ्याला आत्ता हा सगळा धागा वाचायला दिला, भाऊजींचं वाचून म्हणाला दोघांचीही वेळ एकाच दिवशी घे. उद्या फोन करते.