मदत हवी आहे: क्लाउडवर हलवलेल्या जुन्या फायली बॅकअपने परत खाली ओढल्या

नमस्कार मंडळी,

ऑफिसात एकच विंडोज फाइल सर्व्हर आहे. 12 टीबीचा व्हॉल्यूम, त्यात जेमतेम 700 जीबी मोकळी जागा. शुक्रवारी रात्री सुरू केलेला फुल बॅकअप सोमवारी लोक कामाला बसले तरी चालूच. रिपोर्ट काढला, तर निम्म्याहून जास्त फायलींना तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. उडवू का विचारलं की प्रत्येक विभागाचं एकच उत्तर, "राहू द्या, लागेल कधीतरी." नवीन डिस्क घेतली तर बॅकअप आणखी लांबणार, म्हणून क्लाउड आर्काइव्हचा विचार केला.

चाचणीपुरतं एका शेअरवर टिअरिंग लावलं. म्हणजे फाइलमधला डेटा वर जातो, सर्व्हरवर नुसता स्टब (फाइलचं नाव आणि रिकामं कवच) राहतो, उघडली की फाइल खाली येते. दोन दिवस झकास चाललं. शनिवारी बॅकअपने एकेक स्टब वाचत सगळं परत खाली आणलं! डिस्क पुन्हा भरली, लाइन रात्रभर तुंबली, वर डाउनलोडचं बिल. (अँटिव्हायरसचा फुल स्कॅनही असंच करू शकतो म्हणे. तो त्या रात्री लागलाच नव्हता, तेवढंच नशीब.)

स्टबचा नाद सोडून फायली सरळ हलवाव्यात का? आणि जुनी फाइल कोणत्या तारखेवरून ठरवता?

प्रतिसाद १
स्टबवर ऑफलाइन ॲट्रिब्यूट (डेटा इथे नाही, अशी खूण) असतं. ते पाहून फाइल वगळायची सोय तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आहे का बघा. पण वगळलीत की तिची एकुलती एक प्रत क्लाउडवर उरते, आणि कोणी स्टब डिलीट केला तर तिकडचीही जाऊ शकते. आर्काइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. क्लाउडच्या बाजूचा वेगळा बॅकअप लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.
तारखेचं म्हणाल तर 'लास्ट ॲक्सेस'वर (फाइल शेवटची कधी उघडली, त्या तारखेवर) विसंबू नका, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) ती बऱ्याचदा नोंदवतच नाही. 'मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाची तारीख) घ्या.

प्रतिसाद २
बंद झालेले प्रोजेक्ट सरळ हलवा, स्टब नकोच. मात्र स्वस्त दिसतं म्हणून सगळं ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या स्वस्त क्लाउड साठवणीत ढकलू नका. तिथून फाइल मागवली की साध्या विनंतीलाही 12 तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि 180 दिवसांच्या आत डिलीट केलीत तरी उरलेल्या दिवसांचे पैसे लागतात. शिवाय प्रत्येक ऑब्जेक्टमागे (तिथे ठेवलेल्या प्रत्येक फाइलमागे) 40 केबीची वेगळी आकारणी आहे, तेव्हा बारीकसारीक लाखो फायली सुट्या पाठवू नका. प्रोजेक्टवार झिप करा, आत काय आहे त्याची यादी सर्व्हरवर ठेवा.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. बंद प्रोजेक्टपासून सुरुवात करतो. एक अडचण आहे, झिप केलं की एनटीएफएसच्या परवानग्या जातात, आणि आमच्या बऱ्याच फोल्डरांवर माणसागणिक परवानग्या आहेत. त्या कशा सांभाळता?