लेटेरा 32 टाइपरायटर घ्यावा का? कळा चिकटतात, कॅरेज सरकत नाही

नौपाडाकर:
ठाण्यात जुन्या सामानाच्या एका दुकानात ऑलिवेट्टी लेटेरा 32 बघून ठेवलाय. निळसर हिरवा, झिपची केस आहे, इंग्रजी कीबोर्ड. दुकानदार साडेसहा हजार सांगतोय. सात-आठ कळा दाबल्या की टाइपबार (अक्षराची दांडी) वर जाऊन तिथेच लटकतो. कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, आपणहून डावीकडे सरकत नाही. कागद ज्यावर गुंडाळतो तो रोलर दगडासारखा कडक झालाय. दुकानदाराचं म्हणणं, डब्ल्यूडी-40 चा स्प्रे मारला की सगळं सुटेल. यातलं घरी काय दुरुस्त होतं आणि कोणता दोष दिसला तर मशीन सोडून द्यावं? शोकेसमध्ये ठेवायचा नाही, रोज टाइप करायचंय.

जुनी_रिबन:
डब्ल्यूडी-40 त्यांना मारू देऊ नका. दोन दिवस कळा मोकळ्या वाटतात, मग त्याचा राहिलेला थर धूळ धरतो आणि त्या पहिल्यापेक्षा घट्ट बसतात.

तुम्ही सांगितलेले तिन्ही दोष निघणारे आहेत, त्यावरून मशीन नाकारू नका. नाकारायचं ते दुसऱ्या गोष्टींवरून. अक्षराचा खिळा तुटलाय किंवा गायब आहे, सेगमेंटच्या (टाइपबार बसतात त्या अर्धगोल पट्टीच्या) खाचांत गंजाने खड्डे पडलेत, पडल्यामुळे फ्रेम वाकलीय, यांपैकी काही दिसलं तर सोडा. सुटे भाग दुसरं मशीन फोडूनच मिळतात.

जाताना कागद न्या आणि सगळी अक्षरं लहान-मोठी टाइप करून बघा. अक्षर उमटतच नसेल तर आधी रिबनचा रंग निवडायची कळ बघा. ती पांढऱ्या खुणेवर, म्हणजे स्टेन्सिलवर असेल तर रिबन वर उचललीच जात नाही. मग HhHhHh असं टाइप करा. सगळीच मोठी अक्षरं सारखी वर किंवा खाली बसत असतील तर ते शिफ्टच्या स्क्रूचं काम, जुळवता येतं. एकच अक्षर तिरकं पडत असेल तर तो टाइपबार वाकलाय.

कॅरेजसाठी: रोलरची मूठ धरून कॅरेज हलकेच डावीकडे ओढत राहा आणि दुसऱ्या हाताने स्पेसबार दाबा. प्रत्येक दाबाला एकच घर सरकली तर एस्केपमेंट (कॅरेजला एकेक घर सोडणारी दातेरी यंत्रणा) ठीक आहे, कॅरेज ओढणारी दोरी तुटलीय किंवा तिची स्प्रिंग सैल आहे. न थांबता सरसर गेली तर एस्केपमेंटचे दात झिजलेत किंवा अडकलेत, ते जिकिरीचं काम. अजिबात हललीच नाही तर आधी कॅरेज लॉक आणि मार्जिनचे खटके तपासा.

मॉडेल 1963 पासूनचं. डिझायनर मार्सेलो निझोलीच्या 1950 च्या लेटेरा 22 चाच पुढचा अवतार, त्यामुळे 22 च्या दुरुस्तीची माहिती बरीचशी इथेही लागू पडते.

सेगमेंटवाला_वाशी:
चिकटलेल्या कळांचं सांगतो. टाइपबार ज्या अर्धगोल पट्टीच्या खाचांत फिरतात तो सेगमेंट. फट इतकी बारीक की सुकलेल्या तेलाचा पातळ थरही बार धरून ठेवतो. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणा, शंभर मिली पुष्कळ झालं. मशीन मागच्या बाजूवर उभं करा, खाली वर्तमानपत्र. जुन्या टूथब्रशने खाचांत थोडं थोडं सोडा आणि एकेक बार वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. काळं पाणी उतरेल, ते लगेच कापडाने टिपा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, म्हणजे टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहत नाही. अल्कोहोल रंगाला आणि छापील अक्षरांना लागू देऊ नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद.

साफ झाल्यावर सेगमेंटला तेल नाही. एक थेंबही नाही. तेल फक्त कॅरेजच्या रुळांना, शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल इतकं, आणि वरून पुसून घ्यायचं.

दोरी तुटली असेल तर विणलेली मासेमारीची दोरी घाला. साधा नायलॉनचा धागा ताणतो. जुना तुकडा सापडला तर त्याच्याच लांबीची कापा. स्प्रिंगचा ड्रम हातातून सुटू देऊ नका, एका झटक्यात उलगडून स्प्रिंगचं टोक तुटतं. सैल ड्रमला तीन फेरे देऊन दोरी अडकवा. ओळीच्या शेवटच्या पाच-दहा घरांत कॅरेज मंदावली तर अर्धा फेरा वाढवा. जास्त दिलात तर एका दाबाला दोन घरं उडतील.

खाडीची_हवा:
रोलरची खरी परीक्षा नखाने. नख दाबल्यावर खूण राहिली तर ठीक. अजिबात दबत नसेल तर टाइप करताना ‘o’ कागदाला भोक पाडेल आणि खिळेही झिजतील. तात्पुरता उपाय, मागे जाड कागदाचं एक जादा पान. सँडपेपरने घासा असं बरेच जण सुचवतात, ते मला पटत नाही. वरची चकाकी जाते, रबर मऊ होत नाही आणि व्यास कमी होतो.

कायमचा उपाय म्हणजे नवं रबर. छपाईचे रोलर नव्याने चढवून देणारे कारखाने वागळे इस्टेट, रबाळे भागात शोधा. रबराचा कडकपणा शोअर ए मापाने 85 ते 90 च्या आसपास मागा. मूळ व्यास व्हर्नियरने रोलरच्या टोकांशी मोजा, तिथे झीज नसते. अर्धा मिलिमीटर जाड झाला तरी अक्षर वर-खाली बसायला लागेल.

आणि पावसाळ्याची तयारी आत्ताच करा. मूळ केसमध्ये ठेवू नका, आतलं अस्तर ओल धरतं. रबर सील असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात दीडशे-दोनशे ग्रॅम निळी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). ती गुलाबी झाली की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येते. महिनाभर वापर नसेल तर कागद सोडायची दांडी ओढून ठेवा, नाहीतर खालचे छोटे रोलर एकाच जागी दबून चपटे होतात आणि कागद तिरका जातो.

नौपाडाकर:
फार उपयोग झाला. शनिवारी कागद घेऊन जातो. रिबन कोणती?

जुनी_रिबन:
13 मिमी रुंदीची साधी नायलॉनची. मूळ लोखंडी रिळं टाकू नका, नवी रिबन त्यांच्यावरच गुंडाळा. दोन्ही टोकांपासून थोडं आत धातूची छोटी खिळी असते, तिच्यामुळे रिबन उलटी फिरते. नव्या रिबनला नसेल तर जुन्या रिबनची काढून बसवा, नाहीतर टोक आलं की रिबन तिथेच अडून बसेल. भावात दोरी आणि रोलर दोन्हींचा खर्च धरा. हे दोष दाखवून साडेचार हजारांच्या पुढे जाऊ नका.