‘वर्षांनी’मधला अनुस्वार दिसेल असा मॉनिटर

बी ४०३ : नमस्कार मंडळी. एका खरेदीबाबत आपल्या सोसायटीतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी मुद्रितशोधनाचे काम घरूनच करते आणि ते सगळे १५.६ इंची लॅपटॉपवर चालते. मान आणि डोळे दोघेही आता कुरकुर करू लागले आहेत, त्यामुळे लॅपटॉपला जोडायला वेगळा मॉनिटर घ्यायचे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा वीस हजार रुपये आहे. टेबल १२० सेंटिमीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर खोल असून समोरच पश्चिमेची खिडकी आहे. लॅपटॉप २०१६ सालचा आहे आणि त्याला चित्र बाहेर पाठवायला एचडीएमआयचे एकच पोर्ट आहे. दोन संध्याकाळी इंटरनेटवर शोधण्यात घालवल्या, पण तिथे प्रत्येक मॉनिटर सर्वोत्तमच असल्याने निवड काही होईना. २४ इंची घ्यावा की २७ इंची, एवढे तरी कुणी सांगावे.

ए २०२ : ताई, नवा कशाला घेता? आमच्याकडे बेडरूममधला ३२ इंची टीव्ही वर्षभर नुसता पडून आहे. एचडीएमआयची वायर लावली की तोच मॉनिटर होतो. आपण घेऊन जावा, पैशांचा प्रश्नच नाही.

सी ६०१ : काका, आपला मोठेपणा मान्य करूनही मी ताईंना तो टीव्ही घेऊ नका असेच सांगेन. तो एचडी रेडी आहे, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल. ३२ इंचांवर ते पसरले की एका इंचाच्या वाट्याला जेमतेम ४९ येतात. ताईंच्या लॅपटॉपची स्क्रीन फुल एचडी असेल, तर तिच्यावर एका इंचात १४१ आहेत. सोफ्यावरून मालिका पाहताना हा फरक कळत नाही, पण हातभर अंतरावरून अक्षरे वाचताना त्यांच्या कडांना पायऱ्या दिसतात. दुसरे असे की, पुष्कळ टीव्ही संगणकाकडून आलेल्या चित्रातला रंगांचा तपशील निम्मा करून दाखवतात. काळ्या अक्षरांना त्याने फारशी बाधा येत नाही, मात्र पांढऱ्यावरची लाल अक्षरे फुटल्यासारखी दिसतात, आणि मुद्रितशोधनाच्या खुणा तर लालच असतात.

ए ५०४ : काकू, मी गेल्या महिन्यात १४४ हर्ट्झचा वक्र मॉनिटर घेतला आहे आणि तो अप्रतिम आहे. घ्यायचाच असेल तर तसाच घ्यावा, असे माझे मत आहे.

सी ६०१ : तुझ्या खेळांसाठी तो योग्यच आहे. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलले की धावणारा माणूस स्पष्ट दिसतो, पण ताईंच्या पानावरचा अनुस्वार जागेवरून हलत नाही. त्यांना ६० हर्ट्झ पुरतात; आजकाल साध्या मॉनिटरलाही ७५ किंवा १०० असतात, तर तेही चालतील, फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. वक्र स्क्रीनवर सरळ ओळ आणि समासाची रेघ किंचित वाकलेली वाटते. पानाच्या कामाला मी ती घेणार नाही.

बी ४०३ : आपण अनुस्वाराचे नाव काढलेत, आणि माझे नेमके दुखणे तेच आहे. ‘वर्षानी’ आणि ‘वर्षांनी’ हे दोन शब्द लहान टंकात पाहावेत. दुसऱ्यात रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात आणि लॅपटॉपवर त्यांचा मिळून एकच ठिपका होतो. ‘हृदय’ बरोबर आणि ‘ह्रदय’ चूक, पण पान पूर्ण दिसावे म्हणून आकार कमी केला की दोन्ही सारखेच भासतात. मग प्रत्येक ओळ मोठी करून पाहावी लागते आणि तेवढ्यात पानाचा तोल नजरेतून निसटतो. मोठी स्क्रीन घेतली की हे आपोआप सुटेल, अशी माझी समजूत होती.

सी ६०१ : नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. स्क्रीन मोठी झाली आणि पिक्सेल तेवढेच राहिले, तर अक्षर फक्त ताणले जाते. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०. हेच पिक्सेल २४ इंचांवर असले तर इंचाला सुमारे ९२ पडतात आणि २७ इंचांवर ८२. क्यूएचडी, म्हणजे २५६० गुणिले १४४०, २७ इंचांवर १०९ देते आणि फोर के, म्हणजे ३८४० गुणिले २१६०, देते १६३. आता हे आपल्या भाषेत मांडतो. १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. पान खऱ्या आकारात उघडले, तर रफारापासून उकारापर्यंतच्या सगळ्या पसाऱ्याला २७ इंची फुल एचडीवर साडेतेरा पिक्सेलांची उंची मिळते, क्यूएचडीवर अठरा आणि फोर केवर सत्तावीस. इंग्रजी अक्षराला साडेतेरात कसेबसे भागवता येते. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये जोडाक्षर आणि खाली उकार, एवढ्या बिऱ्हाडाला ती खोली अपुरी पडते. म्हणून स्वस्त दिसतो या कारणासाठी २७ इंची फुल एचडी घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगतो.

बी ४०३ : हिशेब वाचून मी लगेच मोजपट्टी घेऊन बसले. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मॉनिटरची स्क्रीन प्रत्यक्षात २३.८ इंचांची असते, म्हणजे उंची २९.६ सेंटिमीटर. ए-फोर कागदाची उंची २९.७. म्हणजे पूर्ण पान खऱ्या मापात दाखवायला ती स्क्रीन एका मिलिमीटरने कमी पडते! २७ इंचीची उंची ३३.६ आहे, त्यामुळे पान मावून वरच्या मेनूच्या पट्ट्यांना जवळजवळ चार सेंटिमीटर उरतात. रुंदी पावणेसाठ सेंटिमीटर. त्यात समोरासमोरची दोन पाने ४२ सेंटिमीटरमध्ये बसतात आणि उरलेल्या जागेत शब्दकोश उघडा ठेवता येतो. मला २४ की २७ याचे उत्तर माझ्या कागदानेच दिले असे म्हणते.

ए २०२ : हे उत्तम झाले. मात्र दुकानात खोक्यावर इंच न पाहता सेंटिमीटर पाहावेत, २७ इंच म्हणजे ६८.६ सेंटिमीटर. आणि कराचे म्हणाल तर २०१९ च्या जानेवारीपासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्केच जीएसटी आहे. त्यापेक्षा मोठ्यांवर २८ टक्के होता, तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला. बँकेत उभी हयात गेल्यामुळे असल्या तारखा डोक्यात राहतात.

डी १०१ : मी डोळ्यांची डॉक्टर म्हणून थोडे लिहिते. चर्चा पिक्सेलची चालली आहे, पण ताईंची मान ज्यामुळे दुखते ते कारण बहुधा उंचीत आहे. ताई, आपला चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला आहे, हे मला लिफ्टमध्ये आपण मोबाइल पाहता त्या ढबीवरून माहीत आहे. असा चष्मा असणारी व्यक्ती स्क्रीन वाचायला भिंगाच्या खालच्या भागातून पाहते आणि त्यासाठी नकळत हनुवटी उचलते. अशा वेळी ‘वरची कड डोळ्यांच्या रेषेत’ हा नेहमीचा सल्लाही उंच ठरतो. स्क्रीन आणखी खाली आणि किंचित मागे कललेली हवी. म्हणून उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड असलेलाच मॉनिटर घ्यावा, नाहीतर तळाशी पुस्तके रचत बसावे लागते आणि खाली आणण्याचा मार्गच उरत नाही. अंतर ६० ते ७० सेंटिमीटर ठेवावे. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला तर आणखी सुख लागेल. त्याचा खर्च मॉनिटरच्या मर्यादेत धरू नये.

खिडकी समोर आहे असे आपण लिहिले आहे. दुपारनंतर स्क्रीनच्या मागून ऊन डोळ्यांवर येत असणार. टेबल काटकोनात फिरवून खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला घ्यावी, आणि स्क्रीन चकचकीत नव्हे तर मॅट असावी.

बी ४०३ : डॉक्टर, टेबल फिरवता येईल. पण ५५ सेंटिमीटर खोल टेबलावर ६० सेंटिमीटर अंतर कुठून आणू?

सी ६०१ : मॉनिटरच्या स्टँडचे पाय टेबलाची वीसेक सेंटिमीटर जागा खातात, त्यामुळे स्क्रीन पुढे येते. टेबलाच्या मागच्या कडेला क्लॅम्पने बसणारा आर्म घेतला तर स्क्रीन जवळजवळ भिंतीला टेकते, आपण खुर्ची थोडी मागे घेतली की अंतर जुळते आणि डॉक्टर म्हणतात तशी उंचीही हवी तेवढी खाली आणता येते. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर १०० गुणिले १०० मिलिमीटर किंवा ७५ गुणिले ७५ अंतरावर स्क्रूची चार भोके हवीत. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतात, म्हणून पाठीचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपले टेबल प्लायवूडचे असल्यास क्लॅम्पखाली लाकडाची एक फळी घालावी, नाहीतर सनमायका दबतो. माझ्या टेबलावर तो वळ अजून आहे.

फोर केबद्दल बोलायचे राहिले. अक्षर त्यावर निःसंशय सर्वात सुबक दिसते. २७ इंचांवर ते १५० टक्के स्केलिंगने, म्हणजे सगळे दीडपट मोठे करून वापरतात, त्यामुळे जागा क्यूएचडीएवढीच मिळते आणि अक्षर मात्र जास्त रेखीव होते. परंतु २०१६ च्या पुष्कळ लॅपटॉपांचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असते आणि ते फोर के चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवू शकते. त्याने माउसचा बाण अडखळत चालतो आणि पान सरकवताना ओळी थरथरतात. शिवाय आपण जुने पानजुळणीचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर स्केलिंगमध्ये त्याचे मेनू धूसर किंवा मुंगीएवढे होतात. लॅपटॉप बदलायचा असता तर मी फोर केच सुचवले असते. आज क्यूएचडी घ्यावा, आणि चित्र उमटवणारे पॅनेल आयपीएस जातीचे. दुसऱ्या जातीच्या, व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो, पण बाजूने पाहिले की छटा उतरते, आणि दोन पाने शेजारी ठेवल्यावर कडेचे पान आपण तिरकेच पाहतो.

माझ्याकडे असा एक आहे. रविवारी सकाळी आपली नेहमीची एखादी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन चहाला यावे.

बी ४०३ : काल सी ६०१ मध्ये तासभर बसून आले. कवितासंग्रहाचे एक पान नेले होते, ११ पॉइंटचे. क्यूएचडीवर खऱ्या आकारात ‘वर्षांनी’मधला अनुस्वार रफाराच्या कुशीत, पण वेगळा दिसला. मग दादांनी त्यांच्या मुलाच्या खोलीतला २७ इंची फुल एचडी त्याच पानासाठी लावून दाखवला आणि तिथे तो पुन्हा रफारात विरघळला. त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरले नाही.

आता खरेदी लॅमिंग्टन रोडला करावी की ऑनलाइन?

ए ५०४ : काकू, लॅमिंग्टन रोडला भाव करता येतो आणि मॉनिटर चालू करून पाहता येतो. पण रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात, आणि ग्रँट रोडहून दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत ते खोके लोकलने आणायचे तर दुपारी बाराच्या सुमारासच निघावे. मी संध्याकाळी सहाला आणले होते, ते मी पुन्हा करणार नाही.

सी २०३ : ऑनलाइन घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. मी मागवलेल्या मॉनिटरवर मध्यभागी एक हिरवा पिक्सेल कायमचा पेटलेला होता. कंपनीचे म्हणणे असे पडले की, ठरावीक संख्येपेक्षा कमी पिक्सेल बिघडले असतील तर तो दोष धरला जात नाही. पंधरा दिवस पत्रव्यवहार करूनही मी हरलो. तेव्हा हमीपत्रातले ते कलम आधी वाचावे, खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी अशी पाच चित्रे स्क्रीनभर उघडून कानाकोपरा तपासावा. बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत खोके आणि थर्माकोल टाकू नये.

बी ४०३ : मंडळी, लॅमिंग्टन रोडवरूनच आणला. २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस, मॅट, उंची बदलणारा स्टँड, पाठीवर चार भोके, तीन वर्षांची हमी. दुकानात पाचही रंग उघडून पाहिले. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच भिंग घेऊन आला. आर्मसकट रक्कम मर्यादेपेक्षा सातशे रुपयांनी वर गेली. घरी जोडल्यावर मात्र काळी अक्षरे राखाडी दिसतात आणि पांढरा भाग डोळ्यांत खुपतो. माझे काही चुकले का?

सी ६०१ : चुकलेले नाही. एचडीएमआयवरून जोडल्यावर कधी कधी लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंगांची मर्यादित श्रेणी पाठवतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘लिमिटेड’ आहे ते ‘फुल’ करावे. विंडोजमध्ये क्लिअरटाइप ही अक्षरे रेखीव करणारी सोय शोधून या स्क्रीनसाठी पुन्हा जुळवून घ्यावे. कारखान्यातून बहुधा उजेड वाजवीपेक्षा फार जास्त ठेवलेला येतो. एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरावा आणि दोघांचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत उजेड कमी करत न्यावा.

बी ४०३ : कागद धरला तेव्हा उजेड शंभरावरून अठ्ठावीसवर आला! काळा आता काळा आहे. टेबल फिरवले आहे, तरी पाच वाजता उन्हाची एक तिरीप डाव्या कोपऱ्यावर येते. तिला पडदा शिवायला टाकला आहे. आणि एक कबुली. लॅपटॉपवर दोनदा वाचून मी ‘ठीक’ म्हणून पाठवलेल्या कवितासंग्रहात काल सत्तेचाळिसाव्या पानावर ‘ह्रदय’ सापडले. रात्री साडेनऊला प्रकाशकांना फोन करून ते पान छपाईआधी थांबवले.

ए २०२ : वा! अभिनंदन, ताई. आमचा ३२ इंची टीव्ही अद्याप तसाच आहे. कुणास हवा असल्यास कळवावे, वायरसकट देऊ.