वाइनरीचं सांडपाणी बुरशीच्या हवाली करावं का?

नारायणगावची_लेक: जानेवारी ते मार्च वाइनरीच्या मागच्या अंगाला उभं राहा, आंबूस वासानं डोकं उठतं. टाक्या, पिंपं, फरश्या धुतलेलं ते पाणी. लिटरभर वाइनमागं साधारण १ ते ४ लिटर. सामू (पीएच) बऱ्याचदा ४ च्या आसपास, म्हणजे आंबट. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, हजारांत. नदीत सोडायला त्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. जिवाणूंना एवढं आंबट सोसत नाही, म्हणून चुना ओतत बसायचं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मात्र आंबटच मानवतं. आपली धिंगरी (खायची ऑयस्टर अळिंबी) त्यातलीच. ती लॅकेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडते, त्यानं द्राक्षाच्या सालीबियांतली फिनॉलं, म्हणजे सहज न कुजणारी तुरट द्रव्यं, तुटतात. मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र, पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पुण्यात नाही तर कुठं करायचं हे?

ईटीपीवाला_चाकण: ताई, मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, चालवतो. प्रयोगशाळेच्या फ्लास्कमध्ये सगळं गोड दिसतं, कारण तिथलं पाणी आधी निर्जंतुक केलेलं असतं. आम्ही एका ठिकाणी ही बुरशी उघड्या टाकीत सोडून पाहिली. चौथ्या दिवशी बुरशी कमी, यीस्ट आणि जिवाणूच जास्त. जी उरली ती एरेटरच्या (पाण्यात हवा घुसळणाऱ्या यंत्राच्या) पात्याला गुंडाळली, देवघरातल्या वातीसारखी पांढरी, पण मनगटाएवढी जाड. मोटर ट्रिप. दोघं जण आकड्यानं ओढत बसलो होतो. शिवाय तंतू वाढले की गाळ खाली बसत नाही, वर तरंगतो.

कोथरूडकर_७१: श्रीमंतांच्या पेल्यासाठी एवढा खटाटोप? आधी मुठेची जलपर्णी काढा.

नारायणगावची_लेक: काका, मुठेचा धागा वेगळा आहे. @ईटीपीवाला, मोकळी सोडली म्हणून गुंडाळली ना? स्पंजच्या तुकड्यांवर बसवायची. आणि नत्र-स्फुरद दिलं होतंत का? या पाण्यात साखर भरपूर, पण ती दोन्ही कमी.

ईटीपीवाला_चाकण: नत्रासाठी युरिया दिला होता, स्फुरदवालं डीएपी खत नाही. तेवढी चूक कबूल. पण स्पंजही चोंदतोच.

बागाईतदार_जुन्नर: टाक्या कशानं धुता ते आधी बघा राव. कॉस्टिक सोडा वापरला की सोडियम पाण्यात उतरतो. बुरशी फिनॉल खाईल, सोडियम थोडाच खाणार? तेच पाणी बागेला दिलं की माती आवळते, पावसाळ्यात पाणी वरच साचतं. पोटॅशवालं कॉस्टिक महाग आहे, पण निदान पोटॅश तरी वेलीच्या कामाचं.

नारायणगावची_लेक: हे पटलं. मीही नुसत्या बुरशीवर भागेल म्हणत नाही. रेड वाइनच्या धुवणाला फिनॉल जास्त, तेवढंच आधी छोट्या टाकीत बुरशीला द्यायचं, पुढं नेहमीची जिवाणूंची टाकी.

ईटीपीवाला_चाकण: छोटी टाकी चालेल. पण सीझन तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने तिला पोसणार कोण?

नारायणगावची_लेक: द्राक्षाच्या चोथ्यावर ठेवायची. धिंगरी वाढते त्यावर.

ईटीपीवाला_चाकण: चोथ्याला चिलटं किती येतात ते पाहिलंयत का? मार्चमध्ये या एकदा, मास्क घेऊन. डीएपीचं पोतं मी आणून ठेवतो.